मानवी उत्क्रांतीचे पुरावे आणि ‘देवाने माणूस घडवला’ ही श्रद्धा: खरंच काही फरक पडतो का?

अनिमिष:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते एकदाचं विचारून टाकतो. मी देव मानणारा माणूस आहे, मनापासून मानणारा. आणि उत्क्रांतीवर जे मिळेल तेही वाचतो, २०२२ मध्ये स्वांते पाबो यांना नोबेल मिळालं तेव्हापासून तर जास्तच, कारण हजारो वर्षं जुन्या निअँडरथलच्या हाडातून डीएनए काढून वाचता येतो आणि त्यातला एक-दोन टक्के आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या अंगात आजही आहे हे वाचल्यावर मी अक्षरशः हललो. म्हणजे आपल्यासारखी दुसरी माणसं होती, ती आपल्यात मिसळली आणि नंतर संपली. आता ‘देवाने माणूस घडवला’ या वाक्यातला ‘माणूस’ नेमका कोणता धरायचा?

यावर मला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणजे विज्ञानाने निकाल लावलाय, देव विसरा. दुसरं म्हणजे विज्ञान ‘कसं’ ते सांगतं आणि धर्म ‘का’ ते सांगतो, दोघांचा काही संबंध नाही, तेव्हा निवांत राहा. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात उडी फार मोठी आहे. आणि दुसऱ्यात प्रश्न टाळल्यासारखा वाटतो, कारण धर्मग्रंथ ‘का’वर थांबत नाहीत ना, पहिला माणूस कोण, कशापासून झाला, कुठे राहिला हेही सांगतात.

तर ज्यांनी यावर खरंच विचार केलाय त्यांनी सांगा, श्रद्धेतल्या नेमक्या कुठल्या गोष्टीला धक्का बसतो आणि कुठल्या गोष्टीला बसत नाही? भांडण नको, प्लीज.

पेशीवेल्हाळ:
चांगला प्रश्न आहे. देवाबद्दल मी काही बोलणार नाही, माझा विषय जीवशास्त्र, तेव्हा पुरावा कशा प्रकारचा आहे तेवढं सांगतो, कारण बऱ्याच लोकांना अजून वाटतं की दोन-चार कवट्या मिळाल्या आणि बाकी सगळा अंदाज आहे.

कवट्या आता भरपूर आहेत. इथिओपियात १९७४ मध्ये मिळालेला ल्यूसी नावाचा सांगाडा ३२ लाख वर्षांपूर्वीचा, मेंदू लहान पण चाल दोन पायांवरची. टांझानियात लाएटोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं त्याहून जुनी, ३६ लाख वर्षांपूर्वीची, आणि ती पावलं बघून कुणीही सांगेल की कोणीतरी दोन पायांवर चालत गेलंय. मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदच्या मानवी अवशेषांचं वय २०१७ मध्ये साधारण ३ लाख वर्षं निघालं, चेहरे जवळपास आपल्यासारखे पण डोक्याची कवटी मागे लांबट. पण मला स्वतःला विचाराल तर उद्या जगातले सगळे फॉसिल गायब झाले तरी फरक पडणार नाही, इतकं स्पष्ट आपल्या पेशीतच लिहिलंय.

एकच उदाहरण नीट सांगतो. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या सगळ्यांना गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३. मग एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी हरवली तर जीव जगणारच नाही. म्हणजे पूर्वज एकच असतील तर दोन गुणसूत्रं कुठेतरी एकमेकांना चिकटलेली सापडायला हवीत, हे भाकीत झालं. आता प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना एक ठरावीक अक्षरमाळ पुन्हा पुन्हा आलेली असते, टोपणासारखी, आणि मध्ये कुठेतरी एक आवळलेली जागा असते. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र तपासलं तर टोकांना असायची ती अक्षरमाळ आतच सापडते, तीही समोरासमोर, म्हणजे दोन टोकं एकमेकांवर आदळून जुळल्यासारखी. हे १९९१ मध्येच दाखवलं गेलं. शिवाय आवळलेली जागा एक चालू आहे आणि दुसरी निकामी झालेली, तिचे अवशेष तिथेच आहेत. चिंपांझीची दोन वेगळी गुणसूत्रं शेजारी ठेवली की आपल्या या एका गुणसूत्राशी पट्टा न् पट्टा जुळतात.

आणि ‘क’ जीवनसत्त्व शरीरात बनवणारं जीन, ते आपल्याकडे आहे, पण मोडलेलं. माकडं आणि वानर यांच्यातही मोडलेलंच. आपल्याला ते जीवनसत्त्व अन्नातून घ्यावं लागतं ते यामुळेच. गिनीपिगमध्येही मोडलंय पण वेगळ्या पद्धतीने, कारण त्यांच्याकडे ते स्वतंत्रपणे बिघडलं. मुद्दाम घडवलेल्या वस्तूत असा सामायिक बिघाड का ठेवायचा याचं उत्तर मला कुणाकडून मिळालेलं नाही.

तेव्हा ‘माणूस बाकी प्राण्यांपासून वेगळा, स्वतंत्रपणे आणि एकदम घडवला गेला’ हे वाक्य शब्दशः धरलं तर ते टिकत नाही. यात मी पुळपुळीत बोलणार नाही. पण ‘हे सगळं असण्यामागे कोणीतरी आहे’ हे वाक्य वेगळं आहे, त्यावर माझं गुणसूत्र काही बोलत नाही.

रोखठोक_विचार:
आपल्याकडे हे आधीच सांगून ठेवलंय की. दशावतार बघा: मत्स्य पाण्यात, कूर्म पाण्यात नि जमिनीवर, वराह जमिनीवर, नरसिंह अर्धा पशू अर्धा माणूस, मग वामन, मग परशुराम... क्रम तोच आहे. त्यामुळे हिंदूंना हा प्रश्न पडायचं कारणच नाही, ज्यांच्या ग्रंथात सहा दिवसांत जग बनलं त्यांनी बघावं.

मोगरी:
ज्यांच्या ग्रंथात सहा दिवस आहेत त्यांच्यातली मी एक, त्यामुळे लिहितेच.

मी ख्रिस्ती आहे आणि बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक लहानपणापासून ऐकत आलेय. आधी एक गैरसमज काढते. सगळे ख्रिस्ती डार्विन येईपर्यंत सहा दिवस म्हणजे घड्याळाचे सहा दिवस समजत होते आणि डार्विनने तोंडघशी पाडल्यावर अर्थ बदलू लागले, असं नाहीये. संत ऑगस्टीन डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी लिहून गेलेत की ते दिवस आपल्या दिवसांसारखे धरू नयेत, आणि श्रद्धावंताने निसर्गाबद्दल चुकीचं काहीतरी ठासून बोलून शास्त्रलेखाचं हसं करू नये. इ.स.पू. ४००४ ही जगाच्या निर्मितीची तारीख आर्चबिशप अशरने सतराव्या शतकात वंशावळ्या मोजून काढली, ती बायबलमध्ये लिहिलेली नाही.

डार्विनच्या काळातही बघा, अमेरिकेत त्याची बाजू लावून धरणारा आसा ग्रे हा वनस्पतीशास्त्रज्ञ पक्का श्रद्धावान होता. थिओडोसियस डोब्झान्स्की, ज्यांनी १९७३ मध्ये ‘उत्क्रांतीच्या उजेडाशिवाय जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही’ असं ठणकावून लिहिलं, ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. मानवी जीनोम प्रकल्पाचे त्या वेळचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स इव्हँजेलिकल ख्रिस्ती. आणि २००५ मध्ये अमेरिकेत डोव्हरला शाळेत ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सजीव कुणा बुद्धिमान रचनाकारानेच घडवले हे मत) शिकवण्यावरून खटला झाला त्यात त्या शिकवणीच्या विरोधात साक्ष द्यायला उभे राहिलेले जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः कॅथलिक, आणि दुसरे साक्षीदार जॉन हॉट तर धर्मशास्त्राचेच प्राध्यापक होते. म्हणजे एकीकडे विज्ञान आणि दुसरीकडे धर्म अशी सरळ रांग कधीच नव्हती.

पण अनिमिष, तुमचा मुद्दा बरोबर आहे, सगळं काही सहज मिटत नाही. वय, दिवस, माती हे मिटतं. आम्हाला खरा त्रास देणारा प्रश्न आहे पहिल्या जोडप्याचा. कारण बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, एका माणसाकडून पाप आणि पापातून मरण जगात आलं असं म्हणून त्याच्या समोर दुसऱ्या बाजूला ख्रिस्त उभा केलाय. आदाम नावाचा एक माणूस मुळात नव्हताच तर त्या वाक्याची एक बाजूच जाते. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी म्हणूनच सांगितलं की शरीर आधीच्या सजीवांपासून आलं का याचा अभ्यास करायला हरकत नाही, आत्मा मात्र थेट देवाकडून; पण माणसाचे मूळ पूर्वज एकाहून अधिक होते हे मत धरायची मोकळीक नाही, कारण ते आदिपापाच्या, म्हणजे आदामाचं पाप सगळ्या माणसांकडे आलं या शिकवणीशी कसं जुळवायचं ते दिसत नाही. पुढे १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी उत्क्रांती आता नुसतं गृहीतक राहिलेली नाही असं म्हटलं, पण त्या एका जोडप्याचा प्रश्न अजूनही अवघडच आहे. मी त्यावर बरंच वाचलं, मला वाटतं आदाम म्हणजे देवाला ओळखून त्याच्याकडे पाठ फिरवणारा माणूस, प्रत्येक माणूस. आमच्यातल्या अनेकांना हे मान्य नाही हेही सांगते.

पेशीवेल्हाळ:
मोगरी, जोडप्याच्या प्रश्नावर जीवशास्त्राचं म्हणणं सांगतो, ते तुमच्या बाजूने नाही पण माहीत असावं. एका जोडप्याकडे कुठल्याही एका जीनच्या जास्तीत जास्त चार आवृत्त्या असू शकतात, दोन तिच्या दोन त्याच्या. आणि आपल्या रोगप्रतिकारशक्तीची जी एचएलए जीन्स आहेत त्यांच्या आवृत्त्या प्रचंड, आणि त्यातल्या काही शाखा इतक्या जुन्या की चिंपांझींशी सामायिक आहेत. त्या सगळ्या दोनच माणसांतून पार होणं शक्य नाही. आपले पूर्वज कायम हजारांच्या संख्येने होते असंच आकडेमोड सांगते. लोक ‘मायटोकॉन्ड्रियल ईव्ह’चं, म्हणजे आजच्या सगळ्यांच्या आईकडच्या वंशातल्या सामायिक पूर्वज बाईचं, नाव ऐकून खूश होतात, पण ती त्या वेळची एकटी बाई नव्हती, तिच्यासोबत हजारो होत्या, फक्त आईकडून मुलीकडे जाणारा धागा आज तिच्यापाशी जाऊन मिळतो एवढंच.

उंबरफूल:
@रोखठोक_विचार, दशावताराबद्दल. मी भाविक आहे, नित्य वाचन आहे, म्हणून आपुलकीने लिहितो.

मत्स्यावतार कशासाठी झाला? प्रलयातून मनूला वाचवायला. म्हणजे मासा आला तेव्हा माणूस आधीच होता, नाव बांधत होता. कूर्म आला तेव्हा देव आणि दानव समुद्र घुसळत होते. नरसिंह आला तो प्रल्हादासाठी. या कथांत माणूस शेवटी येतच नाही, तो पहिल्यापासून आहे. आणि उत्क्रांती ही एकामागे एक पायऱ्यांची चढण नाहीच, झाडासारखी फुटत गेलेली आहे, मासे आजही मासे म्हणून उत्तम चाललेत. अवतारांचा हेतू ‘धर्मसंस्थापनार्थाय’, प्राणिशास्त्र शिकवणं नव्हे. त्या कथांवर विज्ञानाचं लेबल चिकटवलं की दोन्हींचं नुकसान होतं, कारण उद्या विज्ञानाने क्रम थोडा बदलला की तुम्ही देवाचाही क्रम बदलणार का?

‘हिंदूंना प्रश्नच नाही’ हेही अर्धंच खरं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे, त्यात विराट पुरुषाच्या अवयवांपासून सगळं निर्माण होतं, चार वर्णही त्यातूनच. हे कुणी शब्दशः इतिहास म्हणून धरलं तर उत्क्रांतीचा धक्का त्यालाही तितकाच जोरात बसतो, आणि बसावाच, कारण कुणी मुखातून आणि कुणी पायातून आलं या समजुतीवर पिढ्यान् पिढ्या माणसांना खाली ढकललं गेलं. डीएनए सांगतो की सगळ्यांचे पूर्वज तेच. माझ्या श्रद्धेचं यात काही गेलं नाही, उलट एक ओझं उतरलं.

आणि त्याच मंडलात नासदीय सूक्त आहे, १२९ वं. देव तर या सृष्टीच्या नंतरचे, मग ही कुठून झाली कोण जाणे, असं ते विचारतं, आणि शेवटी म्हणतं की परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे तो जाणतो, किंवा तोही जाणत नसेल. ‘सो अङ्ग वेद यदि वा न वेद’. निर्मितीबद्दल खात्रीने बोलायलाच हवं अशी सक्ती त्या ऋषीला वाटली नाही. निरीश्वर सांख्यांना निर्माता लागत नाही, जैन परंपरेत लोक म्हणजे विश्व अनादि-अनंत, कोणी घडवलेलाच नाही, आणि जग शाश्वत आहे की नाही या प्रश्नावर बुद्धांनी उत्तर द्यायचंच टाळलं कारण त्याने दुःख कमी होत नाही. तेव्हा ‘धर्म विरुद्ध उत्क्रांती’ असं सरसकट म्हणण्याआधी कुठला धर्म, कुठलं वाक्य हे विचारायला हवं.

रोखठोक_विचार:
मनूचा मुद्दा मान्य, यावर विचार करतो. अवतारांमागचा भाव मात्र मी सोडणार नाही.

उंबरफूल:
सोडूच नका, मीही सोडलेला नाही.

कोराकागद:
मी देव मानत नाही, पण इथे चर्चा चांगली चाललीये म्हणून लिहितो. मला वाटतं तुम्ही सगळे तारखा, जोडपं, माती यात अडकलाय आणि खरा धक्का बाजूलाच राहिला. ग्रंथातलं वाक्य रूपक म्हणून घेता येतं, ठीक आहे. पण उत्क्रांतीची पद्धतच बघा ना. नॅचरल सिलेक्शन म्हणजे जास्त जन्मणार, बहुतेक मरणार, थोडे उरणार, आणि हे कोट्यवधी वर्षं. आजवर झालेल्या बहुतेक सगळ्या प्रजाती संपल्या. आपल्याच जवळची निअँडरथल, डेनिसोव्हन ही माणसंही संपली. दयाळू देव माणूस बनवायला हा रस्ता का घेईल?

हा प्रश्न डार्विनलाही होता. मे १८६० मध्ये त्याने वर उल्लेख झालेल्या आसा ग्रेलाच पत्र लिहिलं, त्यात एका जातीच्या गांधीलमाशीसारख्या कीटकाचं उदाहरण आहे. ती मादी जिवंत सुरवंटाच्या आत अंडी घालते, आणि अळ्या बाहेर पडल्या की त्या सुरवंटाला आतून खात वाढतात. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हे मुद्दाम योजलं असेल हे मी मनाला पटवू शकत नाही, असं तो लिहितो. त्याच पत्रात हेही म्हणतो की हे अद्भुत विश्व, आणि विशेषतः माणसाचा स्वभाव, बघून सगळं केवळ आंधळ्या शक्तीचा परिणाम आहे असं मानूनही समाधान होत नाही, आणि हा विषय माणसाच्या बुद्धीला झेपणारा नाही. त्याची मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली होती. कपिपासून माणूस आला या शोधापेक्षा हे दुःख त्याच्या श्रद्धेला जास्त लागलं असावं असं मला वाटतं, आणि बऱ्याच लोकांचं असंच असतं.

अनिमिष:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं छान बोलतील लोक असं वाटलं नव्हतं. कोराकागद, तुमचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला.

एक मात्र अजून अडतंय. आत्मा, विवेक, देवाची जाणीव, जे काही म्हणाल ते. शरीर हळूहळू बदललं हे समजतं, पण आई-बाप ‘अजून माणूस नाहीत’ आणि पोटी आलेलं मूल ‘माणूस’, अशी पिढी तर कधीच नसणार ना? मग ते कधी आलं?

पेशीवेल्हाळ:
नसणारच. प्रत्येक मूल आपल्या आई-बापांच्याच प्रजातीचं असतं, सीमारेषा आपण नंतर मागे वळून बघताना आखतो. हा प्रश्न नवा नाही, नॅचरल सिलेक्शनचा डार्विनसोबतचा दुसरा जनक आल्फ्रेड रसेल वॉलेस १८६९ मध्ये म्हणू लागला की माणसाचं मन याने समजावता येत नाही, तिथे वरची कुठलीतरी बुद्धी मानावी लागेल. डार्विनने त्याला कळवळून लिहिलं की तुझं आणि माझं मूल तू पुरतं मारून टाकलं नसशील अशी आशा करतो. मी डार्विनच्या बाजूचा. प्राण्यांत शोक, मैत्री, वाटून खाणं याच्या छटा दिसतात, त्या अचानक आल्या नाहीत.

मोगरी:
मला ‘कधी’चं उत्तर देता येणार नाही पण कुठे बघायचं ते सांगते. केनियात पांगा या सैदी नावाची गुहा आहे. तिथे २०२१ मध्ये एका अडीच-तीन वर्षांच्या मुलाचं दफन जाहीर झालं, ७८ हजार वर्षांपूर्वीचं. खड्डा मुद्दाम खणलेला, मूल कुशीवर, गुडघे छातीशी, कशात तरी गुंडाळलेलं असावं, आणि मानेची हाडं ज्या पद्धतीने सरकली त्यावरून डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवलं होतं आणि ते नंतर कुजून गेलं असं अभ्यासकांचं मत आहे. मेलेल्या मुलाच्या डोक्याखाली उशी ठेवून जगण्याच्या स्पर्धेत काडीचा फायदा नाही. त्याला पुढे काहीतरी आहे असं त्या माणसांना वाटत होतं की नाही ते हाडं सांगत नाहीत, पण त्यांचं ते मूल होतं हे तर दिसतंय. ‘देवाने आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य निर्माण केला’ हे वाक्य वाचताना मला आता मातीचा पुतळा दिसत नाही, अशी माणसं दिसतात. माझ्या दृष्टीने निर्मिती त्या लाखो वर्षांतच चालू होती, आणि चालू आहे.

कोराकागद, तुमच्या सुरवंटाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते बायबलमधल्या, विनाकारण दुःख भोगणाऱ्या ईयोबाकडेही नव्हतं, त्याने देवाला तोंडावर विचारलं आणि त्याला कारण सांगितलं गेलं नाही. पण हा प्रश्न उत्क्रांतीमुळे आला असं मला वाटत नाही, तो तिच्याआधीही एवढाच मोठा होता.

कोराकागद:
इथे असहमत. आधी दुःखाचं खापर माणसाच्या पापावर फोडता येत होतं, मरण आदामामुळे आलं असं म्हणता येत होतं. आता माणूस यायच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून प्राणी दुखणी काढत आणि मरत होते हे दगडांत दिसतं, डायनोसॉरच्या हाडांत सुद्धा गाठी आणि भरलेली फ्रॅक्चर्स सापडतात. म्हणजे एक जुनं उत्तर उत्क्रांतीने आणि भूगर्भशास्त्राने मिळून खरोखर काढून घेतलंय. प्रश्न जुनाच, पण आता तो थेट निर्मात्यालाच विचारावा लागतो.

मोगरी:
हे मात्र खरं आहे, आणि मला मान्य करावंच लागेल. मी तो थेट त्यालाच विचारते, प्रार्थनेत.

उंबरफूल:
अनिमिष, तुमच्या मूळ प्रश्नावर माझ्यापुरतं: आपण जे जे मानतो त्यातलं प्रत्येक वाक्य घ्या आणि बघा की ते काही घडलं असं सांगतंय का. सांगत असेल, म्हणजे अमुक वर्षांपूर्वी, अमुक जोडपं, अमुक अवयवातून, तर ते पुराव्यासमोर ठेवावंच लागेल आणि काही वाक्यं पडतील. गीतेतल्या ‘यो मां पश्यति सर्वत्र’ (जो मला सगळीकडे बघतो) यासारखी वाक्यं तशी नाहीत, त्यांना गुणसूत्रांनी फरक पडत नाही. आधी यादी करा, मग इथेच टाका, एकेक बघू.

अनिमिष:
करतो. पहिलं वाक्य आताच लिहून ठेवतो: ‘माणसाचा जन्म सर्वश्रेष्ठ’. याचं काय करायचं?

पेशीवेल्हाळ:
यावर मी आणि उंबरफूल भांडणार हे नक्की. नवीन धागा काढा.